रात्रीत पळालेले ब्याण्णव घोडे

१

गुरुवारी संध्याकाळी गाडीत सहाशे चार घोडे होते. शुक्रवारी सकाळी अकराला पाचशे बारा भरले. खरे घोडे असते तर मागे लीद तरी राहिली असती, निदान कुंपण तरी मोडलं असतं. पण हे इंजिनातले घोडे, हॉर्सपॉवरचे. एका रात्रीत ब्याण्णव गेले आणि शेडचं कुलूप होतं तसंच होतं.

शेड ओमकारची. शहापूरहून किन्हवलीकडे जाताना उजव्या हाताला, चहूबाजूंनी भातखाचरं आणि मधोमध हे पत्र्याचं गॅरेज. आत जमिनीत बसवलेले दोन जाडजूड रोलर. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकं रोलर फिरवतात आणि चाकापर्यंत किती ताकद पोचली ते संगणक सांगतो. या यंत्राला डायनो म्हणतात. तो चालवायची श्वेता. मुरबाडकडची, डिप्लोमा झालेली, सव्वीस वर्षांची आणि आकड्याच्या बाबतीत सख्ख्या आईचंही न ऐकणारी.

गाडी मुरबाडच्या शेखरची. लग्नाचं लॉन चालवणारा तालेवार माणूस. गाडी परदेशातून आणलेली, लालभडक, इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवलेली. जाहिरातीत लिहिलं होतं, सातशे घोडे. मित्रांनी चिडवलं की असले घोडे कागदावरच धावतात, तेव्हा शेखरने गाडी मोजायला दिली. इंजिनातली ताकद चाकापर्यंत येईतो गिअरबॉक्स आणि चाकांचे आस आपला वाटा खातात. चाकावर सहाशे भरले की जाहिरात खरी. गुरुवारी श्वेताने सहाशे चारची पावती काढली आणि शेखर खूश होऊन शुक्रवारी दहा मित्रांना घेऊन आला.

मित्रांदेखत पाचशे बारा. पुन्हा पळवली तर चारशे अठ्ठ्याण्णव. तिसऱ्यांदा चारशे नव्वद.

मित्र हसत हसत गेले. शेखर हसला नाही. त्याने बॉनेट लावलं, चावी खिशात टाकली आणि विचारलं, "रात्री चावी कुणाकडं व्हती?"

चावी श्वेताकडे होती.

२

शालनला फोन आला तेव्हा ती शहापुरात, घरी, तांदूळ निवडत होती.

"आत्या, ओमकारशेठ सही मागतायत."

"कसली सही गो?"

"गुरुवारचा आकडा मी फुगवून दाखवला असं लिहून द्यायचं. नायतर शेखरशेठ पाच वाजता पोलिसांत जातील. म्हणतात, मी रात्री गाडीतला पार्ट काढला आनि दुसरा लावला. ओमकारशेठ बोलले, सही कर, विषय मिटेल, नोकरी पन ऱ्हाईल."

"तू फुगवला होतास?"

"नाय."

"मग सही करू नको," शालन म्हणाली. आवाज इतका चढला की तिचा तिलाच दचका बसला. "मी येते तोवर पेनाला हात लावू नको."

शालनने भातसा धरणावर एकतीस वर्षं पाण्याची पातळी मोजली होती. पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, खाली सही करायची. ऊन असो की धो धो पाऊस. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, पण अजून कुणी "अंदाजे" म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडते. गाड्यांमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मोजणारा माणूस मोजणीबद्दल खोटं लिहायला कधी तयार होतो आणि त्यानंतर त्याच्या प्रत्येक आकड्याचं काय होतं, हे मात्र तिला चांगलं ठाऊक होतं. श्वेताने एकदा ती सही केली असती, तर या जिल्ह्यात तिच्या कुठल्याच पावतीवर कुणी विश्वास ठेवला नसता.

ती शेडवर पोचली तेव्हा दोन वाजले होते. श्वेता संगणकापुढे बसली होती. समोर टाइप केलेला कागद, त्यावर उघडं पेन. डोळे लाल होते, पण सहीची जागा कोरी होती.

"जय भीम, आत्या," ती म्हणाली आणि मग तिला रडू आवरेना.

शालनने तिला रडू दिलं. मग पदराने तिचे डोळे पुसून म्हणाली, "आता मला ते दोन्ही दिवसांचे आलेख दाखव. एकावर एक ठेवून."

३

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. निळी गुरुवारची, तांबडी शुक्रवारची. खाली इंजिनाचे फेरे, बाजूला ताकद. सुरुवातीला दोन्ही रेघा एकच. साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत तांबडीखाली निळी दिसतही नव्हती. त्यानंतर तांबडी हळूहळू खाली वाकली आणि शेवटाला दोघींमध्ये हात मावेल एवढी फट पडली.

शालन बराच वेळ बघत राहिली. असं वाकणं तिने कुठेतरी पाहिलं होतं, पण कुठे ते आठवेना.

"आज हवा गरम होती म्हणून?"

"हवेचा हिशोब संगणक आपोआप धरतो. आनि गरमीनं एवढे जात नाय."

शालनने ऋतिकला बोलावलं. ऋतिक गॅरेजचा मुख्य मिस्त्री, तिशीतला, डोळ्याला डोळा न देणारा. गुरुवारी शेड बंद होण्याआधी तो तासभर एकटाच गाडीजवळ होता, हे श्वेताने सांगितलं होतं.

"काय करत होतास रे?"

"काय नाय."

"तासभर काय नाय?"

ऋतिकने मान खाली घातली. मग मोबाइल पुढे केला. गाडीला टेकून, गाडीत बसून, बॉनेटवर कोपर ठेवून, असे त्याचे चाळीस फोटो. "गावच्या ग्रुपवर टाकलेत. माझीच गाडी हाय असं लिवलंय. शेखरशेठला सांगू नका."

शालनला हसू आलं, पण तिने ते दाबलं. चोराचा चेहरा असा नसतो. "एक सांग. या सुपरचार्जरचा एखादा पार्ट कुणी बदलला, तर ताकद कशी कमी होईल?"

"पहिल्यापासून. हवाच कमी कोंबली तर खालपासून वरपर्यंत सगळीकडं मार खाईल."

"आनि त्याला फिरवनारा पट्टा घसरला तर?" श्वेताने विचारलं.

"किंचाळतो. काळी भुकटी पडते. सकाळी मी बॉनेट उघडून बघितलं व्हतं, भुकटी नव्हती. तेवढ्यात शेखरशेठनी आपटून लावलं."

शालन पुन्हा पडद्याकडे वळली. पहिल्यापासून मार खाणारी रेघ ही नव्हेच. ही खाली भरपूर आणि वर गेल्यावर धापा टाकणारी. आणि तिला एकदम आठवलं. धरणाच्या कालव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. तिच्यावर पालापाचोळा बसला, तरी थोडं पाणी सोडलं तेव्हा काही फरक दिसत नाही. दार पूर्ण उघडलं की मात्र खाली येणारं पाणी कमी भरतं. आणि पाला जितका दाटत जाईल तितकं आणखी कमी.

पाचशे बारा, चारशे अठ्ठ्याण्णव, चारशे नव्वद.

"श्वेता," ती म्हणाली, "या गाडीतून कुणी काही काढलेलं नाही. हिच्या नाकात काहीतरी घातलंय."

४

गाडीचं नाक कुठे असतं, हे विचारायला शालन गाडीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिथेच थबकली. पेट्रोल आणि तापलेल्या रबराच्या वासाखाली दुसराच वास होता. कडू, हिरवा, ओळखीचा. बाळंतिणीच्या न्हाणीघरातला. निर्गुडी.

शेडच्या मागे, ओहोळाच्या कडेला निर्गुडीची झुडपं होती. त्यातल्या एकाचे शेंडे ताजे ओरबाडलेले होते. शेजारी राखणदाराची खोपटी आणि तिच्या दारात लखमा दगडावर बसलेला. साठीचा, वाळका, एक पाय लांब करून, कमरेला शेडच्या कुलपाची किल्ली.

"लखमादादा, निर्गुडी कशाला काढली?"

"ढोपराला, बाय. शेक घेतो."

उत्तर बरोबर होतं. चुलीवर पाल्याचं भगुलं होतं, गुडघ्याला फडकं होतं. शालन जरा खट्टू झाली. वासाचा उलगडा एवढा सोपा असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती तशीच त्याच्याजवळ टेकली. समोरच्या खाचरातलं भात दोन दिवसांपूर्वी कापलं होतं आणि भारे पडले होते.

"यंदा भात बरं आलं."

"भात बरा, पन कापला का उंदीर निघतात. खातील काय? मंग इकडं शेडमंदी. गेल्या आठवड्यात ओमकारशेठच्या जीपची वायर कुरतडली. शेठ बोलला, आता एक वायर तुटली तर तू घरी. मी काय उंदराच्या शेपटीला बांधून ठेवू काय?"

"मग काय करतोस?"

"जागतो. आनखी काय?" त्याने घाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग आपणहून म्हणाला, "बाय, ती लाल गाडी एवढी भारी, पन तिचा एक डोला फुटलेलाच हाय. उजव्या बाजूचा दिवा. काच नाय, काय नाय, नुसता भोक. माज्यावर आल नको म्हनून सांगून ठेवतो. ती आली तवाच फुटलेली व्हती."

शालन झटक्यात उठली आणि शेडमध्ये गेली. "श्वेता, गाडीचा उजवा दिवा कधी फुटला?"

"फुटलेला नाय, आत्या. तो दिवा पोकळच असतो. कंपनीनंच तसा बनवलाय. तिथूनच इंजिनाला हवा जाते."

शालनने गाडीचा तो रिकामा डोळा पाहिला. आत हात जाईल एवढं गोल भोक, आणि भोकात आता काहीच नव्हतं.

५

आता शालनपुढे खरा पेच पडला. कणगीत भात भरताना किडीसाठी मध्ये निर्गुडीचा पाला घालतात, तिच्या आईनेही घातला होता. वासाने उंदीरही फिरकत नाही, असं इथल्या म्हाताऱ्या माणसांना पक्कं वाटतं. उंदराच्या भीतीने जागणाऱ्या माणसाला गाडीत उघडं भोक दिसलं तर तो काय करील, हे सांगायला पोलीस नकोत. पण हे बोललं की श्वेता सुटणार आणि लखमा घरी जाणार. आणि पुरावा? तो बॉनेटच्या आत, आणि चावी शेखरच्या खिशात.

शेखर ओमकारच्या केबिनमध्ये बसला होता. चहा समोर, पण प्यायलेला नव्हता.

"तुमची भाची सही करणार का नाय?" त्याने विचारलं.

"करणार नाही. शेखरभाऊ, सकाळी तुम्ही गाडी पळवायच्या आधी व्हिडिओ काढलात का?"

"मित्रानं काढला. सातशे घोडे दाखवायचे व्हते ना लोकांना." त्याचा आवाज कडवट होता, पण त्या कडवटपणाच्या खाली दुसरंच काही होतं. शालनला ते ऐकू आलं. दहा माणसांत नाक कापलं गेलेला माणूस होता तो. तिला त्याचीही कीव आली. "बापानं जन्मभर बैलगाडी हाकली माज्या," तो म्हणाला. "हसतील तर हसू दे, पन मला फसवून कुनी हसू नये."

"कुणी फसवलेलं नाही. तो व्हिडिओ लावा."

त्याने लावला. मित्र ओरडत होते, कॅमेरा गाडीभोवती फिरत होता. "थांबवा," शालन म्हणाली. "उजवा दिवा मोठा करा."

त्या गोल भोकात, आतल्या बाजूला, दोऱ्याने बांधलेली हिरव्या पाल्याची जुडी होती. हाताच्या पाच बोटांसारखी फुटलेली लांबट पानं अगदी स्पष्ट दिसत होती.

ओमकार उभा राहिला. "कुनी घातली ही?"

शालनने व्हिडिओवरची नजर काढली नाही. श्वेताला सोडवायला एवढं पुरे होतं का? नाव न घेता भागलं तर बरं, असं तिला मनापासून वाटत होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी घातली, शेठ."

६

लखमा उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता, कानटोपी हातात घेऊन.

"रातीला उंदीर त्या भोकापाशी हुंगत व्हता. मी बघितला. तुमी बोललेला, एक वायर तुटली तर घरी. आमी कनगीत घालतो तशी जुडी घातली. सकालची काढनार व्हतो, पन तुमची मानसं लवकर आली. मंग बघितलं तं जुडी नाय. म्हटलं, कुनी काढून टाकली असंल."

"एवढा वेळ बोलला का नाय?" ओमकार म्हणाला.

"सगली बोलत व्हती, पार्ट चोरला, पार्ट चोरला. जुडीचं मला कुनी इचारलंच नाय."

"जुडी कुणी काढली नाही," शालन म्हणाली. "पहिल्या फेरीतच इंजिनानं ती आत ओढली. म्हणून पहिला आकडा पाचशे बारा. मग तापून पानं सुटी झाली, हवेच्या जाळीला चिकटत गेली आणि पुढचे दोन आकडे आणखी उतरले. इंजिन हळू चाललं तर उरलेल्या वाटेनं हवा पुरते, म्हणून खालच्या रेघा सारख्या. जोर लावला की श्वास कमी पडतो. कुणी पार्ट बदलला असता तर रेघ पहिल्यापासून खाली असती. शेखरभाऊ, आता बॉनेट उघडा."

शेखरने स्वतः उघडलं. ऋतिकने हवेची पेटी सोडवली. वरून जाळी स्वच्छ होती. त्याने ती उलटी केली आणि खालच्या बाजूने शिजल्यासारखा काळपट पाला आणि दोऱ्याचा एक तुकडा जमिनीवर पडला. सगळी शेड निर्गुडीच्या वासाने भरली.

जाळी साफ करून गाडी पुन्हा पट्ट्यांनी जखडली. श्वेताने खाली वाकून पोकळ दिव्यात, चाकांखाली, पट्ट्यांच्या कड्यांवर बॅटरी मारून पाहिलं आणि मग गाडीत बसली. पत्रे थरथरले. लखमाने दोन्ही कानांवर हात ठेवले. आवाज थांबला तेव्हा पडद्यावर आकडा होता सहाशे एक.

शेखरने तो आकडा दोनदा वाचला. टेबलावरचा टाइप केलेला कागद उचलून त्याने चार तुकडे केले. "चुकलं माजं," तो श्वेताला म्हणाला. "तुज्या तोंडावर चोर बोललो, ते परत नाय घेता येत. पन त्या दहा जनांना मी स्वतः फोन करतो, आत्ताच." आणि खरंच फोन काढून तो अंगणात गेला.

ओमकार लखमाकडे वळला. "तू उद्यापासून येऊ नको."

लखमाने मान हलवली. त्याला हे अपेक्षितच होतं.

"थांबा शेठ," श्वेता म्हणाली. ती संगणकापाशी बसली होती. सकाळच्या तीन फेऱ्या पुसून टाकायच्या सोडून तिने त्या उघडल्या होत्या. त्यांच्या खालच्या शेऱ्याच्या चौकटीत ती काहीतरी लिहीत होती. कागद छापून बाहेर आला, तिने त्यावर पेनाने सही केली आणि ओमकारपुढे धरला.

त्यावर लिहिलं होतं: 'हवेच्या वाटेत पाला अडकल्याने आकडे कमी. फेरीआधी हवेची वाट बॅटरी मारून तपासणं हे चालवणाऱ्याचं काम. गुरुवारी तपासली होती. शुक्रवारी गर्दी आणि घाई होती, तपासली नाही. चूक माझी.'

"कुनी सांगितलं तुला हे लिवायला?" ओमकार म्हणाला.

"कुनी नाय. खरं हाय ते. मी बॅटरी मारली असती तर जुडी मलाच दिसली असती. घरी पाठवायचं तर आधी मला पाठवा, मंग लखमादादाला."

ओमकारने कागद वाचला, पुन्हा वाचला. डायनो चालवणारी दुसरी माणसं या रस्त्यावर उगवत नाहीत, हे त्याला माहीत होतं. पण चेहऱ्यावर दिसत होती ती लाज. सकाळपासून तो हिच्याकडून खोटी सही मागत होता आणि हिने न मागता खरी दिली होती. "दोघंही या उद्या," तो पुटपुटला. "आनि लखमा, गाडीत काय घालायचं झालं तर आधी हिला इचार."

शालनचा ऊर भरून आला. ती उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली. थोड्या वेळाने श्वेता दोन कप चहा घेऊन आली.

"आत्या, फोनवर तू माज्यावर एवढी का ओरडलीस? मी तं सही केली पन नव्हती."

शालनने कप हातात घेतला. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

"भातसाला यायच्या आधी मी एका लहान बंधाऱ्यावर होते. नोकरीचं दुसरं वर्ष. एक दिवस अंगात ताप होता. पट्टीपाशी गेलेच नाही. आदल्या दिवशीचा आकडा बघून अंदाजे लिहिला आणि खाली सही केली. काही बिघडलं नाही, कुणाला कळलं नाही. पण पुढं एकतीस वर्षं खरे आकडे लिहिले, तरी तो एक डोळ्यापुढून जात नाही गो. तुला तसलं काही मागं लागू नये, एवढंच वाटलं मला."

खाचरात कुणीतरी भारे डोक्यावर घेऊन खळ्याकडे निघालं होतं.

"ती वही अजून असेल?"

"असेल. वह्या टाकत नाहीत, ऑफिसात ठेवतात."

"तारीख आठवते?"

"न आठवायला काय झालं?"

"मंग जाऊन शेरा लिव की," श्वेता म्हणाली. "तुजी वही, तुजी सही. कोन नाय म्हननार हाय?"

शालनला आधी हसू आलं. मग डोळे भरून आले, आणि ती चहा प्यायची विसरली. चौतीस वर्षांत हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"सोमवारी दहाला उघडतं ते ऑफिस," ती म्हणाली.